शुक्रवारची पांढरी कडा

मित्रांनो, मी एक जुनी पायरी आहे. खरे सांगायचे तर आता दोन अर्ध्या पायऱ्या आहे. दुसरी अर्धी परसात पालथी पडली आहे, ती काही बोलत नाही. बोलते आहे ती फाटकाजवळची मोठी अर्धी. गोष्ट सांगायला तेवढी पुरते.

लँकशायरच्या डोंगरावरून आमचा कालवा उतरतो. डोंगर चढायला माणसांना पायऱ्या लागतात, तशा बोटींनाही लागतात. म्हणून कालव्यावर जागोजागी दगडी हौद बांधलेले असतात, दोन्ही टोकांना लाकडी दारे असलेले. बोट आत आली की मागचे दार लावायचे, पाणी चढू द्यायचे, बोट वर आली की पुढचे दार उघडायचे. त्याला लॉक म्हणतात. सतरा नंबरच्या लॉकजवळ राखणदाराचे घर आहे. खाली दोन खोल्या, वर दोन. त्या घराच्या दारात मी होते.

माझा जन्म मात्र दारासाठी झाला नव्हता. वरच्या खाणीतून मला काढले ते लॉकच्या काठावर बसवायला. पण पाथरवटाने छाटताना चार अंगुळे जास्त छाटले. मुकादम त्याला म्हणाला, "आता हा दगड तुझ्या बापाच्या थडग्यावर बसव." पाथरवटाचा बाप धडधाकट होता, म्हणून मी राखणदाराच्या दारात आले. पुढे कित्येक वर्षे मला त्याचे वाईट वाटत असे. पाण्याकाठी माझ्या बहिणी बसल्या होत्या, बोटी त्यांना घासून जायच्या आणि मी आपली बूट पुसायला.

पण हळूहळू मला माझी जागा आवडू लागली. माझ्यावर बसले की वरून येणारी बोट दिसते आणि खालून येणारीही. राखणदार सकाळचा चहा माझ्यावर बसून पीत असे. त्या काळी आमच्याकडची माणसे लाकडी तळाचे बूट घालत, खाली लोखंडी नाल ठोकलेले. कोळशाच्या बोटी, कापसाच्या बोटी, चुनखडीच्या बोटी यायच्या, बोटवाले कागद दाखवायला दाराशी यायचे आणि त्या नालांखाली मी मधोमध झिजत जायची. झिजणे हे माझे काम होते आणि मी ते मन लावून करत होते.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण माझी सारी कथा तिच्यावर उभी आहे. आमच्याकडे पायरी झिजली की टाकून देत नाहीत, उलटतात. खालची कोरी बाजू वर येते आणि आणखी शंभर वर्षांची सोय होते. पण हे एकदाच करता येते. सायलस ऑर्मरॉड नावाचा राखणदार आला तेव्हा माझ्या खळग्यात पाण्याचे डबके साचू लागले होते. त्याने चार माणसे बोलावली आणि मला उलटले. शंभर वर्षांचे पाय माझ्या पोटाखाली गेले आणि नवी बाजू उजेडात आली. मग सायलस, त्याचा मुलगा, सून, नातवंडे यांनी तीही बाजू झिजवली. अशी मी दोन्हीकडून खोलगट झाले, कडेला जाड आणि मधे पातळ.

सायलसची नात म्हणजे एनिड. ती माझ्यावर चालायला शिकली आणि माझ्यावरूनच पडली. तिच्या हनुवटीवर त्याची खूण आहे. मी तिची कधी माफी मागितली नाही, तिनेही मला कधी बोल लावला नाही.

आमच्याकडे शुक्रवारचे एक व्रतच असायचे म्हणा. सकाळी घरातली बाई गुडघ्यांवर बसून पायरी धुऊन काढायची आणि मग पांढऱ्या घासदगडाने तिची कडा रंगवायची. चिंध्या गोळा करणारा माणूस गाडी घेऊन यायचा आणि चिंध्यांच्या बदल्यात तो घासदगड द्यायचा. ज्या घराची कडा शुक्रवारी पांढरी नाही त्या घरात एक तर कुणी आजारी आहे किंवा बाई आळशी आहे, असे सारी वस्ती समजायची. एनिडच्या आईने एकही शुक्रवार चुकवला नाही. टपालवाला कडेवर पाय पडू नये म्हणून लांब टांग टाकून आत यायचा आणि आई आतून म्हणायची, "शहाणा आहेस रे, बायकोने चांगलं वळण लावलंय."

आई गेली आणि गुडघ्यांवर एनिड बसू लागली. तिने लग्न केले नाही. ती खालच्या गावातल्या कापडगिरणीत मागावर होती. बोटी बंद झाल्या, राखणदाराची नोकरी गेली, पण घर ऑर्मरॉडांकडेच राहिले. कालव्यात शेवाळ माजले, लोकांनी त्यात मोडक्या खाटा टाकल्या, पुढे गिरणीही बंद झाली. घरच्या भिंतीला कुणीतरी सिमेंटचा गिलावा करून दिला आणि भिंत आतून ओल धरू लागली. त्या पडत्या काळातही माझी कडा दर शुक्रवारी पांढरी होती. घासदगडाचा कारखाना बंद होणार असे कळले तेव्हा एनिडने एक खोकेभर दगड आणून ठेवले. "माझ्यापुरते पुरतील," ती मला म्हणाली. घरात दुसरे कुणी नव्हते, म्हणून ती माझ्याशी बोलायची.

पुढे हौशी लोकांनी कालवा उपसला आणि रंगीत सहलीच्या बोटी येऊ लागल्या. तोवर एनिड अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली होती आणि जिना चढणे तिला जमेना. गावात तिला लहानसे घर मिळाले. तिथे लिफ्ट होती आणि दाराशी रबरी चटई. पायरी नव्हती.

घर घ्यायला बरेच लोक आले. एका बिल्डरला तर तिने दारातूनच परत पाठवले. मग डंकन आणि लॉरेन आले. डंकन शाळेत इतिहास शिकवायचा, लॉरेन दातांच्या दवाखान्यात कामाला होती. दोघांनी घर नीट पाहिले. डंकनने भिंतीला हात लावला आणि म्हणाला, "हे सिमेंट काढायला हवं. आम्ही सगळं आमच्या हातांनी करणार आहोत, मावशी. जुनं होतं तसं." एनिडला तो आवडला. खोटे कशाला सांगू, मलाही आवडला.

एनिड माझ्यावर बसली आणि तिने त्याला समोर उभे केले.

"माझं एकच मागणं आहे," ती म्हणाली. "ही पायरी हलवायची नाही. मी जिवंत आहे तोवर शुक्रवारी येऊन हिची कडा पांढरी करीन. मी मेल्यावर तुमचं तुम्ही बघा."

"अहो मावशी, शुक्रवारच का? रोज या की," लॉरेन म्हणाली.

"रोज येऊन काय करू? तुमचं भांडण ऐकू? शुक्रवार पुरे." मग ती डंकनला म्हणाली, "आणि पोरा, ही एकदा उलटून झालीय. माझ्या आजोबांनी उलटली. खालूनही खोलगट आहे. पुन्हा कुणी उलटली तर मधून फुटेल."

नेमकी त्याच वेळी एक बोट लॉकमध्ये शिरली. डंकन मान उंचावून दार कसे लावतात ते बघत होता. "हो हो, मावशी," तो म्हणाला. "शब्द दिला." आणि त्याने मान डोलावली.

मित्रांनो, ती मान मी अजून विसरलेली नाही.

पुढची चार वर्षे माझ्या आयुष्यातली फार सुखाची होती, आणि म्हणूनच मला आज इतका संताप येतो. तो कामचुकार असता तर मी सावध राहिले असते. पण डंकनसारखा कष्टाळू माणूस मी पाहिलेला नाही. शनिवार-रविवार, उन्हाळ्याच्या सुट्ट्या, तो छिन्नी घेऊन भिंतीशी बसलेला. टिचभर टिचभर करत त्याने सिमेंट उतरवले. सुरुवातीला त्याने चुना इतका पातळ कालवला की तो भिंतीवरून ओघळून माझ्यावर आला. एनिड त्या दिवशी शुक्रवारचे काम आटपून चहा पीत होती.

"हे काय, भिंतीला दूध पाजतोयस?" ती म्हणाली.

"पुस्तकात एवढंच पाणी लिहिलंय, मावशी."

"मग पुस्तकाला लाव. भिंतीला लावायचा तर थापीवर उभा राहिला पाहिजे. दे इकडे."

तिने त्याला चुना कालवायला शिकवले, दगडांमधल्या फटी भरायला शिकवले, चुना लवकर वाळू नये म्हणून ओली पोती कशी टांगायची ते दाखवले. खिडक्यांच्या चौकटी त्याने बदलल्या नाहीत, कुजलेला तेवढा भाग काढून नवे लाकूड जोडले. स्वयंपाकघरातली जुनी चूल त्याने घासून घासून काळी कुळकुळीत केली. माझ्या भोवतीची फट त्याने स्वतः चुन्याने भरली, बोट फिरवून गुळगुळीत केली. कुणी पाहुणा आला की तो मला दाखवायचा. "ही बघा. दोनशे वर्षांचे पाय आहेत हिच्यात." मी दगड असूनही मला फुलून आल्यासारखे वाटायचे. एनिड दर शुक्रवारी दहाच्या बसने यायची. बादली, गुडघ्याखाली घ्यायची गादी, घासदगड आणि कधी ओट व काकवीचा केक. काम झाले की ती माझ्यावर बसायची आणि दोन्ही बाजूंच्या बोटी बघायची. नव्या घरी ती फक्त झोपायला जाते, असे ती म्हणे.

चौथ्या वर्षी घर पुरे झाले. इतके देखणे झाले की लोक बोटी थांबवून बघू लागले. मग त्या दोघांच्या मनात आले की आपण शहरातच राहावे आणि हे घर सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना द्यावे. त्यात मला काही वावगे वाटले नाही. पाय कुणाचेही असोत, मला चालतात. पण त्यासाठी एक तपासनीस आला, वही घेऊन. त्याने जिना पाहिला, चूल पाहिली आणि माझ्या खळग्यात साचलेल्या पाण्याकडे बघून तो म्हणाला, "इथे कुणीतरी घसरणार."

तो गेल्यावर डंकनने बुटाच्या टोकाने माझ्या खळग्यातले पाणी बाहेर सारले.

"उलटून टाकू या," तो म्हणाला.

"मावशीला शब्द दिलायस तू," लॉरेन म्हणाली.

"अगं, हे काही मोडणं नव्हे. जुन्या काळी घरोघर असंच करायचे. मी मुलांना शिकवतो ना हे. वरची बाजू झिजली की उलटायची. पायरी तीच, जागा तीच. उलट तिच्याच गुडघ्यांना सपाट दगड बरा पडेल."

"मग आधी तिला विचार."

"विचारलं तर नाही म्हणेल. केल्यावर बघितलं की खूश होईल."

मित्रांनो, मी ओरडू शकले असते तर तेव्हा ओरडले असते. ज्या माणसाला जुने सारे ठाऊक होते, त्याला माझ्याबद्दल सांगितलेले तेवढे एकच वाक्य ठाऊक नव्हते. त्याने ते ऐकले होते. त्याच्या कानांपाशी ते वाक्य पोचले होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे म्हणा.

तो गुरुवार होता, मे महिन्यातला. दुपारी त्याने माझ्या भोवतीचा चुना छिन्नीने उकरला. तोच चुना, त्याने बोट फिरवून भरलेला. मग पहार घातली आणि मला एका कडेवर उभी केली. शंभर वर्षांनी माझ्या पोटाला वारा लागला. डंकनने खाली वाकून पाहिले आणि खालच्या बाजूवरून हात फिरवला.

"काय झालं?" लॉरेनने विचारले. ती दुसऱ्या टोकाला दोर धरून होती.

"खालूनही झिजलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी आधीच उलटलेली आहे." तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. "मावशी म्हणाली होती वाटतं असं काहीतरी."

"मग ठेव परत, डंकन. आहे तशी ठेव."

मला वाटले, आता ठेवेल. इथे थांबला असता तर काहीही बिघडले नसते. चुना पुन्हा भरला असता, दुसऱ्या दिवशी एनिड आली असती, नवा चुना पाहून दोन टोमणे मारले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती. चार वर्षे ज्या हातांनी मला जपले त्या हातांवर माझा तेवढा विश्वास होता.

डंकनने खिशातून टेप काढली आणि दोन्ही खळगे मोजले.

"ही बाजू अर्ध्या इंचाने कमी झिजलीय," तो म्हणाला. "एवढी वर आलीच आहे तर..."

आणि त्याने मला पलीकडे लोटले.

मी मधूनच दुभंगले. आवाज फार मोठा झाला नाही. लॉकच्या दारावर बसलेले बदक उडालेसुद्धा नाही.

शुक्रवारी दहाच्या बसने एनिड आली. दारात फळी टाकलेली होती आणि माझे दोन्ही तुकडे एकमेकांना लागून भिंतीला टेकून उभे होते. ती बादली खाली न ठेवताच उभी राहिली. डंकन बाहेर आला. तो रात्रभर झोपला नसावा, पण त्याची दया मला आली नाही.

"मावशी, वाईट झालं," तो म्हणाला. "थंडीने तडकली. पाणी साचायचं ना तिच्यात, ते गोठलं असणार."

"मे महिन्यात," एनिड म्हणाली.

"वर डोंगरात पडतो ना कधी कधी गारठा."

"पडतो. आणि मग तो गारठा पहार घेऊन चुना उकरतो." तिने माझ्या कडेवरची ताजी खोक बोटाने दाखवली. "पोरा, मी मागावर चाळीस वर्षं काढली. धागा तुटला की तोडला, हे मला लांबून कळतं."

लॉरेन दारात आली होती. "डंकन, पुरे कर," ती म्हणाली. "मावशी, आम्ही उलटायला गेलो. पाहुणे घसरतील म्हणून."

"मी सांगितलं होतं. आधी एकदा उलटलीय म्हणून सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं," डंकन हळूच म्हणाला. "मला वाटलं, तुमचा जीव आहे तिच्यावर म्हणून म्हणताय."

एनिडने त्याच्याकडे पाहिले. मी तिला अठ्ठ्याहत्तर आणि चार इतकी वर्षे ओळखते, पण तो चेहरा मी पाहिला नव्हता.

"तेवढ्याचसाठी म्हटलं असतं," ती म्हणाली, "तरी पुरेसं नव्हतं का रे?"

डंकनने माझ्या तुकड्यांकडे पाहिले. तो म्हणाला, "मी तुकडे गाडीत घालून तुमच्याकडे आणून देतो."

"कुठे ठेवू? लिफ्टमध्ये?"

मग तिने गादी जमिनीवर टाकली आणि ती गुडघ्यांवर बसली. बसताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. लॉरेन पुढे झाली तर तिने हातानेच तिला थांबवले. तिने माझे दोन्ही तुकडे धुतले, भेगेतली माती काढली आणि दोन्ही कडा पांढऱ्या केल्या. भेगेपाशी आल्यावर तिचा हात थांबला नाही, एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरळ गेला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. ती रडत होती आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

काम झाल्यावर ती उठली. घासदगडाचा उरलेला तुकडा तिने डंकनच्या तळहातावर ठेवला.

"हे घे," ती म्हणाली. "इतिहास शिकवतोस ना. मुलांना दाखव."

त्यानंतर ती आली नाही. एकाही शुक्रवारी आली नाही. ती आजारी आहे, की रुसली आहे, की नाहीच आता, हे मला माहीत नाही. पायरीला कोण कळवणार?

दारात आता यंत्राने कापलेला नवा दगड आहे. सपाट आहे बिचारा, घसरत कुणी नाही आणि बसतही कुणी नाही. माझा लहान तुकडा परसात गेला. मला फाटकाजवळ ठेवून माझ्यावर फुलांची कुंडी बसवली आहे. शेजारी लाकडी पाटी आहे. पाहुणे ती मोठ्याने वाचतात, म्हणून मला पाठ झाली आहे: 'घराची मूळ पायरी. दोनशे वर्षे सेवा. कडाक्याच्या थंडीने भंगली.' वाचून पाहुणे हळहळतात, फोटो काढतात आणि डंकनचे कौतुक करतात, की किती जपून ठेवलेय बघा. ती पाटीही त्याने स्वतःच्या हातांनी केली आहे, अक्षर सुरेख आहे. पायांनी मला फोडले नाही, थंडीनेही फोडले नाही. दोनशे वर्षे या डोंगरातली थंडी मी अंगावर घेतली आणि आता तिच्याच नावावर माझे मरण लिहून ठेवले आहे.

माझ्या कडेवरची पांढरी रेघ जूनच्या तिसऱ्या पावसात गेली.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी तुम्हाला सांगणार नाही, ती वेळ गेली. एवढेच सांगते. एखादे म्हातारे माणूस तुम्हाला म्हणाले की ही वस्तू हलवू नकोस, तर का ते विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. समोरून बोट जात असेल तर बोट बघा, हरकत नाही. पण मग मान डोलावू नका.